पोलिसांच्या हातून किती माणसं गेली? अमेरिकेतला न जुळणारा हिशेब

९ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेच्या मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसन शहरात मायकल ब्राऊन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळ्यांनी मेला. देशभर मोर्चे निघाले आणि पत्रकारांनी एक अगदी साधा प्रश्न लावून धरला: वर्षाला किती माणसं पोलिसांच्या हातून मरतात? सरकारकडे त्याचं धड उत्तर नव्हतं. एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा वर्षाला ४०० च्या आसपास मृत्यू दाखवत होती. २०१५ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने स्वतः मोजायला घेतलं, तर नुसत्या गोळीबारातले मृत्यूच हजाराच्या घरात निघाले. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने त्याच वर्षी गोळीबाराखेरीजचे मृत्यूही धरले आणि त्यांचा आकडा ११०० च्या पुढे गेला. त्या ऑक्टोबरमध्ये एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनी जाहीरपणे कबूल केलं, की या विषयाची अधिक चांगली माहिती वृत्तपत्रांकडे असणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

एकाच देशातल्या, एकाच वर्षातल्या मृत्यूंचे तीन आकडे. त्यातले दोन्ही वृत्तपत्रांचे आकडे आपापल्या व्याख्येपुरते बरोबर होते. एफबीआयचा आकडा मात्र निम्माही नव्हता. या विषयावर जे वाद होतात, वर्णभेद आहे की नाही, गेल्या वर्षीपेक्षा वाढ झाली की घट, त्यातले बरेचसे वाद आकड्याच्या पुढे काय करायचं यावर होतात. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक गेलेलं माणूस. ती ओळ तिथे कोणी लिहिली, का लिहिली आणि कोणाची ओळ लिहायची राहून गेली, हे कळल्याशिवाय पुढचं गणित पोकळ आहे.

एफबीआयपासून सुरुवात करू. अमेरिकेत सुमारे १८,००० पोलीस यंत्रणा आहेत. शहराचे पोलीस वेगळे, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा, पोलीसप्रमुख शेरीफ वेगळा, राज्याचे वेगळे, विद्यापीठांचे आणि रेल्वेचेही वेगळे. यांपैकी कोणावरही एफबीआयला ही माहिती देण्याची सक्ती नव्हती. ज्यांना वाटलं त्यांनी दिली, बाकीच्यांनी नाही. फ्लोरिडासारखं मोठं राज्य खुनांच्या तपशिलाच्या या यादीत वर्षानुवर्षं नव्हतंच. शिवाय यादीतल्या खान्याचं नावच होतं ‘समर्थनीय मनुष्यवध’, म्हणजे कर्तव्यावरच्या पोलिसाने गुन्हेगाराला ठार मारणं. पोलिसाचंच चुकलं असं ठरलं, तर तो मृत्यू या खान्यात बसणार नाही. ज्या मृत्यूंबद्दल समाजाला सर्वांत जास्त प्रश्न पडतात, तेच व्याख्येने बाहेर ठेवणारी ही मोजणी होती, आणि लोक मात्र तिला ‘पोलिसांनी मारलेल्यांचा आकडा’ म्हणून वापरत होते.

वृत्तपत्रांच्या व्याख्यांनाही कडा आहेत. वॉशिंग्टन पोस्टने फक्त कर्तव्यावर असलेल्या पोलिसाच्या गोळीने झालेले मृत्यू धरले. नियम स्वच्छ आहे, तपासायला सोपा आहे. पण २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली दबून मेलेले जॉर्ज फ्लॉइड त्या यादीत नाहीत, कारण त्यांच्यावर गोळी झाडली गेली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये जुलै २०१४ मध्ये गळा आवळला गेल्याने मेलेले एरिक गार्नर तर यादी सुरू होण्याच्या आधीच गेले, पण ते नंतर गेले असते तरी त्यांची ओळ तिथे आली नसती. याच्या उलट टोकाला ‘फेटल एन्काउंटर्स’ हा प्रकल्प. नेवाडातल्या रेनो इथले एक संपादक, डी. ब्रायन बरगार्ट, यांनी तो २०१२ मध्ये सुरू केला आणि मागे जात जात २००० सालापर्यंतचे मृत्यू गोळा केले. त्यांचं जाळं मोठं. पोलिसांची गाडी पाठलाग करत असताना अपघातात मेलेला माणूस, पोलिसांनी घर वेढल्यावर स्वतःवर गोळी झाडून घेणारा माणूस, हेही त्यात सापडतात. अभ्यासकाला ही यादी घेतल्यावर आधी चाळणी लावावी लागते. ती कशी लावली हे न सांगता नुसता आकडा दिला असेल, तर तो लेख मी पुढे वाचत नाही.

आता जिथे गोष्ट सर्वांत बारीक होते तिथे, मृत्यूच्या दाखल्यापाशी. कुठल्याही देशात माणसं कशाने मरतात याची खात्रीची नोंद दाखल्यांवरून होते. अमेरिकेत दाखले राष्ट्रीय पातळीवर गोळा होतात आणि प्रत्येकाला आजार-मृत्यूच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला एक संकेतांक मिळतो. पोलिसांच्या कारवाईत झालेल्या मृत्यूसाठी वाय-३५ हा गट आहे. म्हणजे खाना आहे, पद्धत आहे, माणसं नेमलेली आहेत. तरी चुकतं कसं? दाखला भरणारा कॉरोनर (अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) किंवा वैद्यकीय परीक्षक (हेच काम करणारा डॉक्टर) मृत्यूचं कारण लिहितो, ‘छातीत गोळी लागून झालेली जखम’. मृत्यूचा प्रकार लिहितो, ‘मनुष्यवध’. दुखापत कशी झाली या रकान्यात लिहितो, ‘दुसऱ्या व्यक्तीने गोळी झाडली’. यातला एकही शब्द खोटा नाही. पण ‘पोलीस’ हा शब्द कुठेच आला नाही, त्यामुळे संकेतांक देणाऱ्याच्या हातात वाय-३५ लावायला आधारच राहत नाही. तो मृत्यू साध्या खुनांच्या ढिगात जातो आणि राष्ट्रीय आकडेवारीत त्या माणसाचा पोलिसांशी काही संबंधच उरत नाही.

हे किती वेळा होतं? हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१५ सालचे दाखले गार्डियनच्या यादीशी एकेक करून ताडून पाहिले. निष्कर्ष असा की दाखल्यांच्या व्यवस्थेत जेमतेम ४५ टक्के मृत्यू योग्य खान्यात आले होते, तर वृत्तपत्राच्या यादीत सुमारे ९३ टक्के. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाने १९८० ते २०१८ असा मोठा पट्टा घेतला. पोलिसी हिंसेत सुमारे ३०,८०० माणसं मेली असावीत आणि त्यातल्या १७,१०० जणांची, म्हणजे ५५ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांची, सरकारी मृत्युनोंदीत तशी दखलच नाही, असं त्यांना आढळलं. अभ्यासकांना या आकड्यापर्यंत पोचता आलं ते पत्रकारांनी आणि हौशी माणसांनी बातम्या वाचून बनवलेल्या याद्यांमुळे.

दाखला भरणारा माणूस नेहमी डॉक्टर असतोच असं नाही. अनेक ठिकाणी कॉरोनर निवडून येतो, आणि कॅलिफोर्नियातल्या बहुतेक काउंट्यांमध्ये शेरीफ हाच कॉरोनर असतो. ज्याच्या हाताखालच्या माणसांनी बळ वापरलं, त्याच्याच कार्यालयाने मृत्यूचं कारण ठरवायचं. जिथे डॉक्टर आहेत तिथेही सगळं आलबेल नाही. जमिनीवर दाबून धरलेला माणूस मेला की ‘उत्तेजित उन्माद’, म्हणजे स्वतःच्याच अतिउत्तेजनेने तो मेला, असं निदान लिहिण्याची पद्धत कित्येक वर्षं चालली. २०२३ मध्ये वैद्यकीय परीक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने हे निदान मृत्यूचं कारण म्हणून मान्य करणार नाही असं जाहीर केलं. मेरीलँड राज्यात कोठडीतल्या जुन्या मृत्यूंची स्वतंत्र तज्ज्ञांकडून फेरतपासणी झाली, तिचा अहवाल २०२५ मध्ये आला. तपासलेल्या ८७ प्रकरणांपैकी ३६ प्रकरणं मनुष्यवध म्हणून नोंदायला हवी होती, असं तज्ज्ञांनी एकमताने सांगितलं. त्या वेळी त्यांच्यावर अपघात, नैसर्गिक किंवा अनिर्णित असे शिक्के बसले होते. फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर पोलिसांनी काढलेल्या पहिल्या पत्रकाचा मथळाही हाच सूर लावणारा होता: पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय कारणाने एका पुरुषाचा मृत्यू. रस्त्यावरच्या एका मुलीने मोबाइलवर चित्रण केलं नसतं, तर ती ओळ कुठल्या खान्यात गेली असती याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही.

न दिसणारे कसे मोजायचे?

इथे एक सुंदर युक्ती आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. तळ्यात मासे किती हे कळण्यासाठी सगळं तळं उपसावं लागत नाही. काही मासे पकडायचे, खूण करून सोडून द्यायचे, काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. दुसऱ्या खेपेला खुणेचे मासे जास्त निघाले तर तळ्यात मासे थोडे आहेत, कमी निघाले तर बरेच आहेत. मृतांच्या बाबतीत जाळ्यांच्या जागी याद्या येतात. समजा एका यादीत ४०० नावं आहेत, दुसरीत ५००, आणि दोन्हींत असलेली नावं २००. म्हणजे दुसऱ्या यादीतल्या ५०० पैकी २०० जण, ४० टक्के, पहिल्या यादीने पकडले. पहिली यादी सगळ्याच मृतांपैकी ४० टक्के पकडत असेल आणि तिच्यात ४०० नावं असतील, तर एकूण मृत १००० असणार. दोन्ही याद्या मिळून दिसले ७००. उरलेले ३०० कोणालाच दिसले नाहीत, तरी ते आहेत.

अमेरिकी न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने हीच रीत स्वतःच्या दोन याद्यांवर वापरली. एक एफबीआयची, दुसरी अटकेदरम्यानच्या मृत्यूंची त्यांची स्वतःची. मार्च २०१५ मध्ये अहवाल आला. २००३ ते २००९ आणि २०११ अशा आठ वर्षांत त्यांच्या स्वतःच्या यादीने फार तर ४९ टक्के मृत्यू पकडले होते, एफबीआयच्या यादीने ४६ टक्के. दोन्हींतून निसटलेले २८ टक्के. हा शेवटचा आकडा कसा येतो हे हातानेही करून बघता येतं: पहिलीतून निसटण्याची शक्यता ५१ टक्के, दुसरीतून ५४ टक्के, दोन्हींचा गुणाकार साधारण २८ टक्के. त्यावरून वर्षाला सरासरी ९२८ मृत्यू असा अंदाज निघाला.

पण या गुणाकारात एक गृहीतक लपलेलं आहे. दोन्ही याद्यांचा एकमेकींशी काही संबंध नसला तरच असा गुणाकार चालतो. प्रत्यक्षात ज्या शहराचे पोलीस कागदपत्रं चोख ठेवतात ते दोन्हीकडे माहिती पाठवतात, आणि ज्यांना पाठवायची नाही ते कुठेच पाठवत नाहीत. त्यामुळे दोन्हींत असलेली नावं फुगतात. वरच्या उदाहरणात २०० च्या जागी २५० नावं सारखी निघाली, तर एकूण अंदाज १००० वरून ८०० वर येतो. म्हणजे याद्या जितक्या एकमेकींच्या सावलीत, तितका खरा आकडा झाकला जातो. मानवी हक्कांच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या एका गटातले संख्याशास्त्रज्ञ क्रिस्टियन लम आणि पॅट्रिक बॉल यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. अशा याद्यांमधला परस्परसंबंध इतर देशांत किती आढळला आहे ते बघून त्यांनी हिशेब पुन्हा मांडला. आठ वर्षांत सुमारे १०,०००, म्हणजे वर्षाला १२५० च्या आसपास, असं त्यांचं उत्तर आलं. सरकारच्या अंदाजापेक्षा वर्षाला तीनशेहून जास्त माणसं, आणि फरक कशाचा, तर एका न तपासलेल्या गृहीतकाचा.

अंश झाला, आता छेद

समजा यादी चांगली मिळाली. आता तुलना कशाशी? वॉशिंग्टन पोस्टच्या यादीत ज्यांचा वंश माहीत आहे अशांपैकी साधारण निम्मे गोरे आणि पाव हिस्सा कृष्णवर्णीय. ‘गोरेच जास्त मरतात’ असं म्हणणारा इथे थांबतो. पण कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या १३-१४ टक्के आहेत. लोकसंख्येने भागलं की त्यांचा दर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघतो. २०१९ मधल्या एका अभ्यासाने हाच धोका आयुष्यभराच्या हिशेबात मांडला: एक लाख कृष्णवर्णीय पुरुषांमागे सुमारे ९६ जण कधी ना कधी पोलिसांच्या हातून मरतील, गोऱ्या पुरुषांत ३९. म्हणजे जवळपास हजारात एक. मला हा आकडा वाचून बसलेला धक्का अजून कमी झालेला नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. सगळी लोकसंख्या काही पोलिसांसमोर येत नाही, मग भागायचं ते पोलिसांशी आलेल्या संबंधांनी, थांबवलेल्या किंवा अटक केलेल्या लोकांच्या संख्येने. असं भागलं की कधी कधी फरक जवळजवळ नाहीसा होतो. अर्थतज्ज्ञ रोलँड फ्रायर यांचा २०१६ मधला अभ्यास यामुळेच गाजला. किरकोळ बळाच्या वापरात त्यांना मोठा वांशिक फरक दिसला, ह्यूस्टनमधल्या गोळीबारात दिसला नाही.

पण कोणाला थांबवायचं हे ठरवणारेही पोलीसच असतात. एक काल्पनिक शहर घेऊ. पोलिसांनी १००० गोरे थांबवले, सगळे गंभीर कारणासाठी, आणि त्यातल्या १० जणांवर बळ वापरलं. कृष्णवर्णीय २००० थांबवले: १००० गंभीर कारणासाठी, त्यात १५ जणांवर बळ, आणि १००० उगाच, संशयावरून, त्यात ५ जणांवर. आता दर काढा. गोरे हजारात १०. कृष्णवर्णीय दोन हजारांत २०, म्हणजे हजारात १०. कागदावर तंतोतंत समानता! प्रत्यक्षात सारख्याच गंभीर प्रसंगात १० विरुद्ध १५ असा फरक आहे, आणि वर हजार माणसांना विनाकारण थांबवलं तो अन्याय वेगळाच. उगाच थांबवलेल्यांनी छेद फुगला आणि भेदभावच भेदभाव लपवायला कामी आला. डीन नॉक्स, विल लोव आणि जोनाथन मुमोलो या राज्यशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये हे गणिताने दाखवून दिलं. पोलिसांच्याच दप्तरातून घेतलेल्या माहितीवर काम करताना हा मुद्दा डोळ्याआड केला, तर निष्कर्षावर विसंबता येत नाही.

प्रश्न उलटा विचारला जाण्याचा धोकाही खरा आहे. २०१९ मध्ये एका प्रतिष्ठित नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाने गोळी लागून मेलेल्यांचे वंश बघून, गोरे पोलीस अल्पसंख्याकांवर जास्त गोळीबार करत नाहीत असं म्हटलं. ‘मेलेला माणूस कृष्णवर्णीय असण्याची शक्यता किती’ हा एक प्रश्न आहे आणि ‘कृष्णवर्णीय माणसाला गोळी लागण्याची शक्यता किती’ हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर देता येत नाही, त्यासाठी जे मेले नाहीत त्यांचीही माहिती लागते. टीका झाली, आधी दुरुस्ती छापली गेली, आणि २०२० मध्ये लेखकांनी निबंध मागे घेतला. तोवर राजकीय भाषणांत त्याचे दाखले देऊन झाले होते.

छोट्या आकड्यांशी जपून वागायला हवं, हे थोडक्यात सांगतो. वर्षाला सरासरी हजार मृत्यू होत असतील, तर काहीही न बदलता तीसएक इकडे किंवा तिकडे होणं अगदी साहजिक आहे. म्हणून एका वर्षी ९७० आणि पुढच्या वर्षी १०१० झाले की ‘पोलिसी हिंसा वाढली’ असा मथळा देणं चूक. पाच हजार वस्तीच्या गावात एक मृत्यू झाला की तिथला त्या वर्षीचा दर देशाच्या सरासरीच्या साठपटीहून जास्त होतो. त्यावरून गावाची क्रमवारी लावू नये, निदान दहा वर्षांची बेरीज करावी.

‘निःशस्त्र’ या रकान्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण सगळी चर्चा त्याच्यावर टेकते. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलँडच्या बागेत तमीर राइस हा १२ वर्षांचा मुलगा खेळण्यातल्या पिस्तुलासह होता आणि पोलिसांची गाडी येऊन थांबल्यावर अवघ्या काही सेकंदांत त्याला गोळी घातली गेली. त्याला सशस्त्र म्हणायचं की निःशस्त्र? काही याद्या खेळण्याच्या शस्त्राचा वेगळा रकाना ठेवतात, काही ठेवत नाहीत. गाडी चालवत निघून जाणाऱ्या माणसाच्या नावापुढे ‘शस्त्र: वाहन’ असं येतं, कारण गाडी अंगावर आली असं पोलिसाने सांगितलेलं असतं. आणि ज्याच्याकडे बंदूक होती पण ती त्याने काढलीच नाही, तो कायद्याने शस्त्र बाळगणारा नागरिकही ‘सशस्त्र’ ठरतो. हा रकाना बहुतेक वेळा पोलिसांच्या पहिल्या निवेदनावरून भरला जातो, कारण त्या दिवशी दुसरं काही उपलब्धच नसतं. वंशाचा रकाना तर अनेक ओळींत रिकामाच असतो, आणि अलीकडच्या वर्षांत असे रिकामे रकाने वाढले. ते गाळून दर काढला तर प्रत्येक गटाचा दर खऱ्यापेक्षा कमी येतो आणि वर्षागणिक खोटी घट दिसू लागते.

आणखी एक. या सगळ्या याद्या मेलेल्यांच्या आहेत. गोळी लागून वाचलेला, पण कमरेखाली लुळा झालेला माणूस त्यांत नाही. रुग्णालय जवळ असेल तर गोळी लागलेला वाचतो, लांब असेल तर दगावतो. त्यामुळे दोन शहरांतल्या मृत्यूंच्या फरकात पोलिसांच्या वागण्याइतकाच रुग्णवाहिकेच्या वेळेचाही भाग असू शकतो.

एफबीआयने १ जानेवारी २०१९ पासून बळाच्या वापराची नवी नोंदणी सुरू केली. तिच्यात मृत्यूंबरोबर गंभीर जखमा आणि माणसावर झाडलेली पण न लागलेली गोळीही येते, ही चांगली गोष्ट. पण सहभाग याही वेळी ऐच्छिकच. कोठडीतल्या आणि अटकेतल्या मृत्यूंची माहिती देण्याबद्दल कायदा आहे, माहिती न देणाऱ्या राज्याचं पोलिसांसाठीचं केंद्रीय अनुदान १० टक्क्यांपर्यंत कापण्याची तरतूदही त्यात आहे. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये सिनेटच्या उपसमितीने दाखवलं, की एकट्या २०२१ च्या आर्थिक वर्षात तुरुंगातले आणि अटकेतले मिळून ९९० मृत्यू न्याय खात्याच्या नजरेतून सुटले होते. त्यातले ६४९ अटकेदरम्यानचे, आणि ते सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या यादीत नोंदलेले होते.

दरम्यान खुल्या याद्या एकेक करून बंद होत आहेत. गार्डियनने २०१६ नंतर मोजणं थांबवलं, फेटल एन्काउंटर्सने २०२१ नंतर. वॉशिंग्टन पोस्टने दहा वर्षांत दहा हजारांवर ओळी भरल्या आणि २०२४ च्या शेवटी काम थांबवलं. सॅम्युएल सिन्यांग्वे यांची ‘मॅपिंग पोलीस व्हायोलन्स’ ही यादी चालू आहे. एफबीआयच्या नव्या नोंदणीत मृताचं नाव घेतलं जात नाही, आणि प्रसिद्ध होतात ते एकत्रित आकडे. दोन याद्या एकमेकींशी ताडून निसटलेली माणसं शोधण्याची जी रीत वर सांगितली, तिला दोन्हीकडे तोच माणूस ओळखता यावा लागतो. नाव नसलेल्या यादीवर ती चालत नाही, आणि ताडून पाहायला नावं असलेल्या किमान दोन याद्या लागतात.